खोली एकशे चौदा, पहिला तास

या. दार जोरात ओढा,
थंडीत ते हट्टाला पेटतं.
बूट तिथं, रबरी पायपुसण्यावर.
सरोवरावरचं वारं आज उणे एकवीस आहे,
कोट काढायची घाई नको.

हा भाषा आणि लेखन-संशोधनाचा वर्ग.
गाड्या दुरुस्तीचा शेजारी. चुकून आला असाल
तरी बसा. गेल्या साली एक जण असाच चुकला
आणि मेकॅनिक पावतीवर काय लिहीत नाहीत
यावर त्यानं एकोणीस पानं लिहिली.

मी मारित होल्स्टाड.
स्वागताचं भाषण दर वेळी लिहून आणते,
'भाषा म्हणजे पूल' असलं काहीतरी त्यात असतं.
आज प्रोजेक्टर रुसलाय, आणि भाषण
गाडीत राहिलं, कुत्र्याच्या पांघरुणाखाली.
बरंच झालं.
डलूथच्या माणसाला कोण पूल शिकवणार?
जहाज आलं की तो उचलला जातो
आणि आपण या काठावर
इंजिन बंद करून खोळंबतो.

हजेरीचा कागद फिरतोय. सही करा.

मागचे, तुम्ही काही म्हणालात?
"आर्वो लेहतिनेन. खनिजाच्या बोटीवर
बावीस वर्षं स्वयंपाकी. मी फक्त बटाटे लिहायचो.
किती सोलले, किती सडले.
ते लिहिणं धरतात का इथं?"

हसू नका तिकडे.
वह्या आहेत?
"आठ. नोव्हेंबरची पानं बघा पाहिजे तर.
लाट मोठी असली
की माझ्या सातचा पाय लांबतो."

...

थांबा, मला हे फळ्यावर लिहू दे.
सातचा पाय.

आणि खिडकीजवळच्या तुम्ही, इफ्रा ना?
वृद्धाश्रमात रात्रपाळी. तिथून थेट इथं?
"पहाटे सहाला नोंद करते. खोली नऊ, शांत झोप.
'शांत' लिहायला शिकवलंय आम्हाला.
नऊमधल्या बाई रात्रभर
मेलेल्या बहिणीशी पोलिशमध्ये भांडत होत्या.
फॉर्मवर भांडणाला रकाना नाही."

ज्याला रकाना नाही ते जातं कुठं?
उत्तर मला ठाऊक नाही.
ठाऊक असतं तर ही खोली
कॉलेजनं केव्हाच गाड्यावाल्यांना दिली असती.

तर पुढच्या मंगळवारी
कुणी वाचावा म्हणून लिहिला नव्हता
असा एक कागद आणा.
फ्रीजवरची यादी, औषधाच्या डबीवरचं गिचमिड,
रागानं लिहून न पाठवलेलं काही.
खाडाखोड असेल तर फारच छान,
खोडलेल्या ओळीखालीच माणूस सापडतो पुष्कळदा.
पण कागद दुसऱ्याचा असेल
तर आधी विचारा. नुसतं विचारू नका,
त्यांची कॉफी संपेपर्यंत बसा,
मग पुन्हा विचारा. नाही म्हणाले
तर तेवढंच लिहून आणा: नाही म्हणाले.

शुद्धलेखन मी तपासेन. खोड आहे माझी.
पण चूक दिसली की आधी विचारेन
ती कुणाकडून शिकलात,
आणि लाल पेन नंतर.

आला का कागद? द्या इकडे.
हे काय, कार्यालयानं छापलेल्या 'पा'च्या शेवटी
निळ्या शाईत कुणीतरी एक 'जे' जोडलाय.
"मी. तो उच्चारायचा नसतो," तुम्ही म्हणता,
"आवाज उंचावर धरून
कसा खाली सोडायचा, एवढंच तो सांगतो.
आमच्या ह्माँगमध्ये त्याच्याशिवाय
मी फूल राहत नाही."

पा.
नाही?
पा...
अजून नाही. बरं, मे महिन्यापर्यंत वेळ आहे.

हा कागद मी कार्यालयाला परत देणार नाही.
त्यांना झेरॉक्स पुरेल.
मूळ प्रत त्या निळ्या अक्षरासकट
आपल्या फायलीत, क्रमांक एक.

दार वाजतंय. कुणीतरी बाहेर अडकलंय वाटतं.
आर्वो, जरा आतून ढकला हो,
तुम्हाला वादळाची सवय आहे.