वरखर्च

लोकर सातशे ग्रॅम. विणायला नऊ तास.
शिंगाची सहा बटणं.
इथवर राखाडी स्वेटरची किंमत
बोट ठेवून दाखवता येते.

मग येतो हानुस.
सहाला बॉयलर पेटवतो, दारातला बर्फ ओढतो,
पिंजणयंत्राला तेल घालतो, घालताना त्याच्याशी पुटपुटतो.
नवा मॅनेजर ट्रोंदुर तोर्स्हाव्नहून आलाय. विचारतो,
हा माणूस नेमका कुठल्या स्वेटरात आहे?

कुठल्याच नाही. किंवा सगळ्यांत,
धुऊनही लोकरीत मेंढीचा वास उरतो
तसा.

ते वहीत लिहिता येत नाही. म्हणून त्याचे भाग पाडते.
नगावर वाटला, तर बाळाच्या टोपीवर
खलाशाच्या स्वेटराएवढाच हानुस बसतो.
तासांवर वाटला, तर ओलुवा अडकते :
ती खाडीपलीकडे स्वतःच्या खिडकीत, स्वतःच्या दिव्याखाली विणते;
आमच्या बॉयलरचं ऊन तिला कधी लागलेलं नाही.
जागेवर वाटला, तर सर्वांत महाग ठरते
जिथे कुणीच बसत नाही ती कोठार-खोली.

रीत बदलली की ओझं खांदा बदलतं.
खालची बेरीज हलत नाही.

आणि या खटाटोपात आज कळलं :
बोटीवरच्या पोरांना आम्ही राखाडी स्वेटर
अकरा वर्षं तोट्यात विकतोय.
घोंगड्या गुपचूप त्यांचं भरत होत्या.
हे ट्रोंदुरला आज सांगू, की सोमवारी?

त्याच रकान्यात, विम्याखाली, छपराच्या डागडुजीवर,
माझा पगार.
एकोणीस वर्षांत माझा एकही टाका
कुणाच्या अंगावर गेलेला नाही.

तीन वाजले. वागुरमध्ये अंधार पडला.
दिवा लावला, दिव्याचा वाटा काढायला;
तेवढी वीजही खाली मांडली.

हानुस डोकावला. बॉयलर विझवू का?
मी कागद फिरवून त्याच्यापुढे धरला :
दर स्वेटरमागे अकरा क्रोनर चाळीस.
त्याने चष्मा शोधला. सापडला नाही. हात लांब करून वाचलं.
मग तेलकट अंगठा आकड्यावर टेकवून म्हणाला,
एवढ्यात काय येतं गं, मार्युन,
बाही, की नुसता गळा?