फाइल नानांकडे आहे

अंबडला लाइट गेली तेव्हा
मी चारशे ऐंशीव्या गेजवर होते.
यूपीएस दोनदा ओरडला आणि गप्प.
त्याच्या बॅटरीची मागणी
त्याच फाइलच्या दुसऱ्या शीटवर, फेब्रुवारीपासून.

लाइट आली. फाइल आली ती शून्य केबीची,
नाव शाबूत, आत काही नाही,
विसळून पालथ्या घातलेल्या डब्यासारखी.
थेटे साहेब म्हणाले, सोमवारी ऑडिट आहे,
नवीन बनवून टाका.
बारा वर्षांची मापं, साहेब,
मायक्रॉनमध्ये,
नवीन कशी बनवायची?

मॉनिटरच्या कडेला सेलोटेपखाली
गांगुर्डे नानांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे:
आधी प्रत, मग हात.

लपलेल्या फाइली दाखव, म्हटलं संगणकाला.
कपाट सरकवल्यावर भिंतीशी
टोपणं, रुपया, हरवलेली पावती सापडते
तसं सगळं बाहेर आलं.
आकडे आणि अक्षरांचा काला झालेली नावं,
शेवटी टीएमपी, बिनआडनावाची पोरं.
तारखेवर लावली.
पाच चौदाची एक, भरल्या पोटाची.
आधी तिची प्रत पेनड्राइव्हवर.
मग प्रतीचं शेपूट छाटून एक्सएलएसएक्स लावलं
आणि डोळे मिटून दोनदा क्लिक.

चारशे एकोणऐंशी ओळी.
एक गेली. ती मला पाठ होती.

मी तिला जुन्या नावाने जुन्या जागी ठेवली,
परत उघडली, तर पाटी आली:
ही फाइल दौलत गांगुर्डे यांनी उघडलेली आहे.
तुम्हाला फक्त वाचता येईल.

नानांच्या दहाव्याला
आम्ही शिफ्ट बदलून गोदेवर गेलो होतो.
कावळा लगेच शिवला.
काही राहिलं नाही माणसाचं, असं सगळे म्हणाले.
त्यांच्या संगणकावर मी बसू लागले
पण आतलं नाव बदलायचं
कुणाच्या लक्षात आलं नाही.

फोल्डरमध्ये ती होती, फिकट,
नावापुढे एक नागमोडी रेघ आणि डॉलर.
एकशे पासष्ट बाइट.
आत ना माप ना तारीख,
फाइल कुणी धरली आहे तेवढंच.
ती पुसल्याशिवाय मला लिहिता येणार नव्हतं.

आधी प्रत, नाना.
मग हात.

आता दर मिनिटाला आपोआप सेव्ह लावलंय,
रोज सहाला एक प्रत घरी नेते
डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीशेजारी.
यूपीएस नवा आला.
नाव मात्र मी तसंच ठेवलं.

मघाशी वरून थेटे साहेबांचा फोन आला,
रजिस्टर उघडत नाही, कुणी अडवलंय?

मी चारशे एक्क्याऐंशीवं वर्नियर
कापडाने पुसत होते.
म्हटलं, नानांकडे आहे, साहेब.
दहा मिनिटांत सोडतील.