चौथा ग्लास

याकिमात ऑक्टोबर सरताना
युसेबिओ पहिल्यांदाच टेकला
लेकीच्या टॅपरूममध्ये, टोपी मांडीवर.
एकतीस हंगाम हॉप्सचे वेल उतरवले त्याने.
अंगाला वास लागून घरी यायचा,
बिअर कधी आली नाही.

ओफेलियाने ग्लास मांडले.
ही वेस्ट कोस्ट, काचेसारखी नितळ, कडूजहर.
ही हेझी, गढूळ पिवळी, ओठांवर साय.
तिसरीचं नाव त्याने ऐकलंच नाही;
बोटं चोळत होता,
जणू तो पिवळा चीक अजून सुटलेला नाही.

चौथी ओल्या हॉप्सची,
तोडल्या दिवशीच कढईत पडलेल्या.
एक घोट. थांबला.

"कालव्याकडची ओळ," म्हणाला,
"चार दिवस आधी तोडलीत."

ओफेलिया हसली नाही.
वहीत तारीख शोधू लागली.