जाळ्याचा थर

मशीन बंद पडलं की मोजणी माझ्या बोटांवर येते.
काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढायचा,
जांभळ्या रंगात बुडवायचा,
आणि शंभर पांढऱ्या पेशी भरेपर्यंत
डाव्या अंगठ्याने कळ दाबत राहायची. टक्. टक्.

न्यूट्रोफिल: केंद्रक तुटक, तीन-चार गाठींचं,
घाईघाईत बांधलेल्या बोचक्यासारखं.
लिम्फोसाइट: गोल, गप्प,
सगळं घर व्यापून एकटीच बसलेली.
पहिल्यांना दुसऱ्यांनी भागायचं.
बिन्नुर हानमना तेवढाच आकडा हवा असतो.
वरच्या मजल्यावर त्या डोळ्यांचे फोटो काढतात,
आणि माझे आकडे त्यांच्याशेजारी मांडून बघतात
काही जुळतंय का.

ओर्दूच्या दवाखान्यातलं हे तळघर.
काळा समुद्र इथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो.
मला माणसं भेटत नाहीत, नळ्या भेटतात.
नळी एकशे सेहेचाळीस:
एकाहत्तर, सतरा. भागाकार चारच्या वर.
सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनही चढलेलं.
म्हणजे कुठंतरी धुमसतंय.

कुठं, ते आकडा सांगत नाही.
दाढ असेल, गुडघा असेल,
मागच्या आठवड्यातली साधी सर्दीही असेल.
रक्त चहाडी करतं, पत्ता देत नाही.

त्या दिवशी दार ढकलून एक म्हातारा आत आला.
थेंब घातलेले डोळे, बाहुल्या एवढाल्या,
हातातली चिठ्ठी उलटी धरलेली.
म्हणाला, "पोरी, समुद्र कुठल्या बाजूला?
एकदा तो कळला की बाकीचं मी शोधतो."

चिठ्ठीवर एकशे सेहेचाळीस.

इद्रिस काप्तानोलू. राहणार पेर्शेम्बे,
म्हणजे गुरुवार. गावाचं नावच गुरुवार.
पन्नास वर्षं बंदरावर जाळी दुरुस्त केली.
सोळा वर्षं साखर.
"चहात तीन खडे टाकायचो, आता एक.
तोही बायको मोजते."
मी खुर्ची पुढे केली. तो आधी हाताने चाचपून बसला.

"फोटो दाखवला त्यांनी. माझाच डोळा.
पिकल्या खुर्म्यासारखा केशरी, वर लाल ठिपके.
म्हणाल्या, हा 'आ तबाका', जाळ्याचा थर.
आता बघ,
हयात गेली जाळ्यांत,
आणि एक जाळं डोळ्यात होतं
ते सत्तरी आली तरी कुणी बोललं नाही.
मी म्हटलं, कुठं उसवलंय सांगा, सुई आणतो.
त्या म्हणाल्या, सुई नको, लेझर.
जाळून बंद करतात म्हणे.
जाळं जाळून सांधतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

हसला. मग मीही.

मी त्याला आकडा सांगितला नाही.
सांगून काय सांगणार होते?
की अंगात बंब धावतायत रात्रंदिवस,
आणि आग नेमकी कुठं ते बंबांनाही ठाऊक नाही,
की पाण्याच्या माऱ्यानेच भिंती खचतायत?
मी एवढंच म्हटलं, रक्त जरा तापलेलं आहे, आजोबा.

तो मान हलवत राहिला.
"पूर्वी सुताची जाळी असायची.
ओली तशीच ढीग करून टाकली
की आतून तापायची.
वरून हात लावशील तर गार.
हात कोपरापर्यंत आत खुपसल्याशिवाय कळायचं नाही.
कळेपर्यंत मधला सगळा पदर कुजलेला.
बाप मारायचा त्यासाठी.
तुझं काम तसलंच का, हात खुपसायचं?"

मी काहीच बोलले नाही. टेबलावर काचपट्टी सुकत होती.

जिन्यापर्यंत त्याला सोडायला गेले.
माझ्या बाहीला धरून चालताना
त्याच्या बोटांना कोटाच्या बटणाचा सुटलेला दोरा लागला.
न बघता, न थांबता, बोलता बोलता
दोन वेढे, एक फास, ओढ.
"खाऱ्या वाऱ्यात चालते ही गाठ," म्हणाला,
आणि समुद्राच्या आवाजाकडे तोंड करून
एक एक पायरी मोजत वर गेला.

मशीन सोमवारी दुरुस्त झालं.
आता आकडे आपोआप छापून येतात.
कोट धुवायला टाकताना बटण काढायला गेले,
नख लावलं, कात्री लावली.
गाठ सुटली नाही. तशीच धुतली.