मालमत्तेशी नाते

अजमानला, जमीन खात्याच्या मागच्या गल्लीत
मोइदूचं टायपिंगचं दुकान.
दोन खुर्च्या, एक झेरॉक्स, काचेला चिकटवलेले दर.
मी हिंदीत सांगते, तो अरबीत टाइप करतो.
माझं म्हणणं पडद्यावर उजवीकडून सुरू होतं
आणि मला वाचता येत नाही अशा दिशेनं पुढे जातं.

अर्जदाराचं नाव : सुलक्षणा.
नवऱ्याचं नाव. मालकाचं नाव. तेच.
फ्लॅट अकराशे चार.
मग त्याची बोटं थांबतात :
"प्रॉपर्टी से रिश्ता?"

नातं.
चतुःसीमा सांगू का?
पूर्वेला मशिदीचा मनोरा,
पश्चिमेला दोन टॉवरांच्या फटीतून बोटभर समुद्र,
उत्तरेला लांबवर खारफुटीची रेघ,
दक्षिणेला सुदानी शेजारणीचं स्वयंपाकघर
आणि तिच्या कांद्याचा वास, जो भिंत मानत नाही.

नोंदणीच्या दिवशी मी तिथेच होते.
फाइल माझ्या मांडीवर, फाइलवर झोपलेला मुलगा.
एकाच नावावर सोपं पडतं, हेरंब म्हणाला,
आणि पर्समधून पेन मीच काढून दिलं.

सात वर्षं हप्ते त्याच्या पगारातून गेले.
खरं आहे. बँक सांगेल.
माझा पगार शारजाच्या दातांच्या दवाखान्यातला,
दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरायची
आणि घरी येऊन आपलं मिटायचं.
त्यातून शाळेची फी, तांदूळ, विजेचं बिल,
त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन,
एसीचा कॉम्प्रेसर, दोनदा.
देवरुखला माझी आई याला पदरमोड म्हणायची.
पदरमोडीच्या पावत्या कोण ठेवतं?

मी ठेवल्या.
बिस्किटांच्या डब्यात, महिन्यावार, रबर लावून.
काल डबा उघडला तर कागद कोरे.
इथल्या उन्हाळ्यांनी शाई पिऊन टाकलेली.
एकावर नुसतं दुकानाचं नाव उरलंय,
एकावर 'पुन्हा या'.

मार्चमध्ये तो दोह्याला गेला. आधी कामासाठी,
मग कामासाठी नाही.
फोनवर म्हणाला, फ्लॅट काढतोय, तुम्ही दोघं गावी जा.
चौथ्या दिवशी दलाल आला गिऱ्हाईक घेऊन.
माझ्या ओट्याला फीत लावली,
कपाटं उघडून पाहिली, माझ्या साड्यांसकट,
आणि बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं,
"मॅडम, आप किरायेदार हैं?"

मोइदूला यातलं सगळं सांगितलं नाही.
कोरे कागद मात्र दाखवले.
त्यानं एक ट्यूबलाइटखाली तिरका धरला,
बराच वेळ पाहिला, जपून परत दिला.
कासरगोडला त्याची बहीण आहे, एवढंच बोलला.
मग टाइप करत राहिला.

काय लिहिलंत?
मालक नाही, तो म्हणाला. भाडेकरू नाही. पाहुणी नाही.
हिचे पैसे या घरात आहेत, भिंतीत नसले तरी.
निकाल लागेपर्यंत विकू नये, गहाण टाकू नये.
आणि नात्यापुढे?
बायको. अजून तरी.
हसलो दोघंही, थोडंसं.

खिडकीवर शिक्का बसला.
घर माझं झालं नाही.
कधी होईल, किती होईल, तेही कुणी सांगितलं नाही.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून
मधे चप्पल सारून ठेवतात, तेवढंच झालं.

परत आले तेव्हा मोइदूनं पावती फाडून दिली.
पंच्याऐंशी दिरहम.
तोच पातळ, गुळगुळीत कागद.
"फोटो निकालो इसका," तो म्हणाला, "अभी.
गर्मी में उड़ जाता है."

काढला.
दोनदा काढला.
पहिल्यात माझ्याच हाताची सावली आली होती.