आत ड्रॅगन नाही

विल्क्स-बॅरीत आम्ही ज्याच्या माडीवर भाड्याने राहायचो
तो डेल याब्लॉन्स्की तळघरात पुस्तकांची कव्हरं रंगवायचा.
किल्ले, राक्षस, एका आभाळात दोन-दोन चंद्र.
वरून माझ्या फोडणीचा वास, खालून त्याच्या टर्पेंटाइनचा;
जिन्यात दोघांची गाठ पडायची.

एका शनिवारी म्हणाला, तासाला सहा डॉलर देतो,
नुसतं उभं राहायचं.
मी हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्यांवर नंबर घालणारी,
मिरजेची, पाच फूटही पुरती नाही.
राहिले उभी.
हातात फरशी पुसायचा मॉप, ती तलवार.
खांद्यावर न्हाणीघराचा पडदा.
"ओरडतेयस असं तोंड कर."
जमेना. मग पहिल्या पगारातून कापलेला टॅक्स आठवला,
जमलं.

चित्र झालं तेव्हा ती मीच होते.
पुस्तकातही तशीच होती म्हणे:
सावळी, बुटकी, चाळिशीची, गुडघा धरणारी सेनापती.

गुरुवारी न्यूयॉर्कहून फोन आला.
डेल बराच वेळ नुसतं हं, हं करत राहिला,
वायर बोटाला गुंडाळत.
मग त्याने पिवळ्याची ट्यूब उघडली.

आधी केस गेले. मग कातडी.
उंची वाढली, कपडे आटले,
मागच्या मोकळ्या आभाळात
एक ड्रॅगन येऊन बसला.

मी विचारलं, आत ड्रॅगन आहे?
"एकशेबारा पानांपर्यंत तरी नाही.
पुढची त्यांनी पाठवलीच नाहीत."
ब्रश चिंधीला पुसत म्हणाला,
"बसस्टँडवर माणूस फिरत्या रॅकपुढे तीन सेकंद थांबतो.
मला त्या तीन सेकंदांचे पैसे.
लिहिणाऱ्याकडे पुढची अख्खी रात्र आहे."

खूप खपलं.
औषधांच्या दुकानात च्युइंगगमशेजारी मी पाहिलं,
अक्षरं सोनेरी, उठावाची, बोटाला लागणारी.
एक पोरगा उचलून घेऊन गेला,
मागचा मजकूर वाचलासुद्धा नाही.
मूठ तेवढी माझी राहिली होती,
अंगठ्याशी विळीने कापल्याची खूण.
ती झाकायची राहिली, की त्याने ठेवली,
विचारायचं राहूनच गेलं.

डेल गेला. गेल्या मे महिन्यात त्याच्या लेकीने
सगळं अंगणात विकायला मांडलं.
चित्र होतं. चारशे.
उन्हात तिरकं पाहिलं की पिवळ्या केसांखाली
रंगाचा एक उंचवटा दिसतो,
माझा अंबाडा.

चारशे मला जड नव्हते.
पण गॅरेजच्या दाराला तो मॉप टेकलेला होता,
एक डॉलर. तोच घेतला.

सुटे परत देताना लेक म्हणाली, दांडा चांगला आहे अजून.
मॉपच्या झुबक्याला इथे डोकं म्हणतात.
"डोकं तेवढं बदलून घ्या," म्हणाली,
"कुठल्याही दुकानात मिळतं.
पटकन बसतं."