तीन मिनिटं

पहाटेचे चार. जूनमध्ये अँकरेजला
अंधार असा पडतच नाही.
टॉवरच्या काचेतून राखाडी खाडी,
ओहोटीने उघडा पाडलेला चिखल,
आणि धावपट्टीच्या टोकाशी चारशे टनांचं धूड,
इंचॉनहून आलेलं, इंधन पिऊन शिकागोला निघालेलं,
पोटात फोन, औषधं, कुणाच्या तरी लग्नाचे बूट.
त्याच्या नावाला आम्ही 'हेवी' जोडतो,
जसं कुणाला रावसाहेब जोडावं.

त्याच्या मागे, मधल्या फाट्यावर,
ऑस्कर निकोलायचं सेसना.
सगळं मिळून दीड टन, त्यात तो स्वतः आला,
कांद्यांची पोती, डायपर, स्नोमोबाइलचा पट्टा
आणि इलियाम्नाच्या शाळेसाठी
एक वापरलेला कीबोर्ड.

चारशे टन उचलले गेले.
माझ्या कॉफीवर वर्तुळं उमटली.
मी घड्याळाचं बटण दाबलं.

"टॉवर, मी तयार."
थांब.
"जबाबदारी माझी. सोड मला."
हेवीच्या मागे ती सूट मला देता येत नाही, ऑस्कर.
"अगं व्हर्ना, हवा तर पडलेली आहे!"

म्हणूनच.

वारा असता तर झाडून नेलं असतं त्याने.
आज काही हलत नाही,
आणि पंखांच्या टोकांवरून सुटलेले दोन पीळ
उलटसुलट फिरत खाली बसताहेत,
गाळ बसतो तसे.
त्यांना रंग नाही, रडारवर ठिपका नाही.
माझ्याकडे आहे ते फक्त घड्याळ.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
इथे पुढच्याला ठेच लागतच नाही.
तो एव्हाना ढगांच्या वर,
पट्टा सैल करून कॉफी मागत असेल.
ज्याच्या भाराने हवा पिळली
त्याला ती कधी भेटत नाही.

आमचा बाप घरातून गेला
तेव्हा दारसुद्धा आपटलं नव्हतं.
आई म्हणाली, बघा, कसं शांत झालं.
मी चौदाची. हेलकावले, सावरले.
पीटर सहा वर्षांचा होता,
लगेच धावत सुटला त्या शांततेत.
त्याला कुणी थांब म्हटलं नाही.

दोन मिनिटं दहा.
"कांद्यांना कोंब फुटतील," ऑस्कर म्हणतो.
दोन चाळीस.
आणि धावपट्टीच्या कडेचं गवत,
कुठेही वारा नसताना,
एका हाताएवढ्या पट्ट्यात
सपाट झोपलं,
गरकन फिरलं,
पुन्हा उभं राहिलं.

ऑस्करने ते पाहिलं असावं.
फ्रिक्वेन्सीवर नुसतीच खरखर.

तीन.
जा, म्हटलं. उडायला परवानगी.
तो थोडा डावीकडून गेला, गवतापासून लांब,
आणि खाडीवर लहान होत होत
चिखलाच्या रंगात मिसळला.

नोंद करण्याजोगं काही घडलं नाही.
पुढचं हेवी वळणावर येऊन उभं होतं.
मी घड्याळ शून्यावर आणलं.